वजन उतरवताना प्रोटीन किती? १५० ग्रॅम नको, पण २७ ग्रॅमनेही भागत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४२, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७४ किलो. घरी शाकाहार, अंडी चालत नाहीत, दूध-दही चालतं. बारा किलो कमी करायचे आहेत. जिमच्या ट्रेनरने रोज १५० ग्रॅम प्रोटीन खायला सांगितलंय. सासूबाईंचं म्हणणं, एवढ्या प्रोटीनने किडनी जाते, वरण-भात आणि कपभर दूध भरपूर झालं. आता कुणाचं ऐकायचं?

आधी आकडा सांगते. तुमच्यासाठी दिवसाला ७५ ते ८० ग्रॅम. म्हणजे ट्रेनरने सांगितलं त्याच्या निम्मं, आणि तुम्ही लिहून पाठवलेल्या जेवणातून सध्या पोटात जातं त्याच्या जवळजवळ तिप्पट. या दोन चुकांपैकी दुसरीची मला जास्त काळजी वाटते. वजन कमी करायला येणाऱ्यांमध्ये प्रोटीन जास्त खाऊन अडचणीत आलेलं माणूस मला क्वचित भेटतं. डाएटच्या नावाखाली पंचवीस-तीस ग्रॅमवर महिनोन्महिने काढलेल्या बायका मात्र रोज भेटतात. काटा खाली आलेला असतो, पण केस मूठमूठ गळत असतात, जिना चढताना मांड्या भरून येतात, आणि डाएट सुटलं की वजन परत चढतं. परत येताना ते मुख्यतः चरबी होऊन येतं.

असं का होतं, ते समजून घ्या. जास्तीची साखर आणि चरबी साठवायला शरीरात जागा आहे, प्रोटीनसाठी तशी वेगळी कोठी नाही. जे आहे ते स्नायूंत, अवयवांत, रक्तात कामाला लागलेलं आहे. आपण जेवण कमी करतो तेव्हा शरीर चरबी जाळतं, पण सोबत थोडा स्नायूही मोडून वापरतं. नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं तर गेलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा चरबी सोडून इतर ऊतींचा असतो, आणि त्यात स्नायूंचा वाटा मोठा. तुमच्या बारा किलोंत असे तीनेक किलो झाले. रक्तातली साखर सर्वांत जास्त उचलतो तो स्नायू. चाळिशीनंतर तो आपसूकच कमी होत जातो आणि बाईच्या बाबतीत पाळी थांबण्याच्या सुमारास हा वेग वाढतो. म्हणून तीन किलोंची ही किंमत मला परवडणारी वाटत नाही.

आपल्याला तर ती आणखीच महाग पडते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये अनेक वर्षं मधुमेहावर संशोधन करणारे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. त्याच वजनात भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त, हे त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांपर्यंत दाखवून दिलं. आपली सुरुवातच स्नायूंच्या तुटवड्यातून होते, त्यामुळे वजन उतरवताना त्यातलं आणखी घालवणं योग्य नाही.

आता आकडे कुठून येतात ते पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलं. ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम, ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम. जेवण मुख्यतः धान्याचं असेल तर किलोमागे एक ग्रॅमपर्यंत धरतात, कारण धान्यातलं प्रोटीन तेवढं कसदार नसतं. पण हा हिशेब निरोगी, वजन स्थिर असलेल्या आणि पोटभर जेवणाऱ्या माणसाचा आहे. कॅलरी तोडल्या की खाल्लेल्या प्रोटीनमधलंही काही इंधन म्हणून जळतं, आणि गरज वाढते. वजन उतरवणाऱ्या साध्या माणसासाठी किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम हा पल्ला मी धरते. व्यायाम हलका असेल तर खालचं टोक, वजनं उचलत असाल तर वरचं.

तुमच्या ट्रेनरचा किलोमागे दोन ग्रॅमचा हिशेब हवेतून आलेला नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकी जिममधला जुना नियम ‘एका पौंडामागे एक ग्रॅम’ असा आहे, म्हणजे किलोमागे २.२. तो शरीरसौष्ठव करणाऱ्या, अंगावर चरबी कमी असलेल्या तरुणांसाठी चालत आला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१६ मध्ये यावर एक चांगला प्रयोग झाला. वजन जास्त असलेले ४० तरुण, चार आठवडे, गरजेपेक्षा ४० टक्के कमी कॅलरी आणि आठवड्याला सहा दिवस दमवणारा व्यायाम. एका गटाला किलोमागे २.४ ग्रॅम प्रोटीन, दुसऱ्याला १.२. पहिल्या गटाची ४.८ किलो चरबी गेली आणि चरबीविरहित वजन १.२ किलो वाढलं. दुसऱ्याची ३.५ किलो चरबी गेली आणि चरबीविरहित वजन जवळपास होतं तेवढंच राहिलं. पहिला गट सरस ठरला, यात शंका नाही. पण मला या प्रयोगात दुसरा गट जास्त बोलका वाटतो: इतकी उपासमार होऊनही, व्यायाम जोरात असताना १.२ ग्रॅमवर स्नायू टिकला. नोकरी, घर, मुलांचे डबे सांभाळून आठवड्यात तीन वेळा जिमला जाणाऱ्या बाईला एवढ्यावर उत्तम काम चालवता येतं. दोन ग्रॅम शाकाहारातून गाठायचे तर दिवसभर पावडर आणि पनीर याशिवाय ताटात दुसरं काही उरत नाही, आणि असं डाएट महिनाभरही टिकत नाही.

यात एक गोष्ट हमखास चुकते, ती म्हणजे किलो कुणाचे धरायचे. अंगावरच्या जास्तीच्या चरबीला प्रोटीन फारसं लागत नाही, म्हणून ७४ ने गुणायचं नाही. तुमच्या उंचीला बीएमआय २३ धरला तर वजन येतं ५५ किलो. ७४ मधून ५५ गेले, उरले १९. त्याचा चौथा भाग, म्हणजे पाचेक किलो, ५५ मध्ये मिळवा. झाले ६०. या ६० ला १.२ ते १.६ ने गुणलं की ७२ ते ९६ येतात. तुमचा व्यायाम मध्यम आणि जेवण शाकाहारी, म्हणून मी ७५ ते ८० वर थांबले. ज्यांचं वजन उंचीच्या मानाने पाच-सहा किलोच जास्त आहे, त्यांनी एवढी खटपट करू नये, सरळ स्वतःच्या वजनाने गुणावं.

तुम्ही पाठवलेला दिवस मी मांडून पाहिला. दोन कप चहातल्या दुधाचे ४ ग्रॅम, बशीभर पोह्यांचे शेंगदाण्यांसकट ५, दोन पोळ्यांचे ६, भाजीचे २, वाटीभर पातळ वरणाचे ४, ताकाचे २, रात्रीच्या सूप-खाकऱ्याचे ४. बेरीज २७. तुम्ही वजन कमी करायला भात सोडला, रात्रीचं जेवण सोडलं, उसळ ‘जड’ म्हणून बंद केली. म्हणजे खाणं कमी करताना नेमकं प्रोटीनच आधी कापलं गेलं. सासूबाईंच्या वरण-दुधात चूक काही नाही, फक्त ते फार पातळ आणि फार थोडं आहे.

भर कुठून घालायची, हे ठरवताना एकच विचारा: वीस ग्रॅम प्रोटीनसाठी किती कॅलरी मोजाव्या लागतात? आहार बिघडतो तो इथे. शेंगदाणे प्रोटीनयुक्त आहेत, पण त्यांतून वीस ग्रॅम मिळवायला ८० ग्रॅम दाणे खावे लागतात, म्हणजे साडेचारशे कॅलरी. बदामांचं तर विचारूच नका, दहा बदामांत जेमतेम अडीच ग्रॅम. पनीर एकशेदहा-सव्वाशे ग्रॅम घेतलं तर वीस ग्रॅम मिळतात आणि तीनशेच्या वर कॅलरी होतात. कच्ची डाळ किंवा कडधान्य ९० ग्रॅम, साधारण तीनशे कॅलरी. साधं दही अर्धा किलोच्या वर लागतं. सोया वडी मात्र ४० ग्रॅम पुरते आणि कॅलरी दीडशेच्या आत. अंडी खाणाऱ्यांना तीन अंड्यांत १८-१९ ग्रॅम सव्वादोनशे कॅलरींत मिळतात. चिकनचं छातीचं मांस किंवा सुरमई, बांगडा यांसारखा मासा असेल तर शंभर ग्रॅममध्ये काम होतं, फक्त तो रव्यात घोळून तळलेला नसावा. शाकाहारी माणसाला जास्त आखणी करावी लागते, हे खरं आहे, आणि ते लपवून उपयोग नाही.

तुमच्या स्वयंपाकघरातलाच एक दिवस मांडते. सकाळी मूग डाळीची दोन धिरडी. ५० ग्रॅम डाळ भिजवून वाटलेली, आत ३० ग्रॅम पनीर किसून. यात १७-१८ ग्रॅम झाले, म्हणजे पोह्यांच्या तिप्पट. दुपारी एक ज्वारीची भाकरी, ४० ग्रॅम मटकीला मोड आणून केलेली उसळ, दीडशे ग्रॅम घट्ट दही, एक पालेभाजी. हे २० ग्रॅमच्या आसपास. संध्याकाळी चहाबरोबर बिस्किटांऐवजी ३० ग्रॅम फुटाणे, मिळून ८. रात्री ३० ग्रॅम सोया वड्यांची रस्सा भाजी, एक पोळी आणि वाटीभर घट्ट वरण, एकूण २४. झोपण्याआधी किंवा सकाळी ग्लासभर दूध, ६. बेरीज ७५-७६. तेल मोजून वापरलं तर हे सगळं दीड हजार कॅलरींच्या आसपास बसतं, आणि तुमच्या वयाला, वजनाला आणि हालचालीला महिन्याला साधारण सव्वा-दीड किलो उतरायला तेवढी तूट पुरते.

हे रोज असंच खायचं नाही. कधी मटकीच्या जागी चवळी, मसूर, हरभरा, कुळीथ. कधी धिरड्यांऐवजी बेसनाचा पोळा, कधी भाकरीबरोबर झुणका, पण झुणक्यात तेल बेताने. वाटणाच्या उसळीत खोबरं कमी करून चक्का ढवळलात तर रस्सा दाटही होतो आणि प्रोटीनही वाढतं. सोया वडी अनेकांना वासामुळे नको वाटते. ती मीठ घातलेल्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून, दोन पाण्यांनी घट्ट पिळून, मग गोड्या मसाल्याच्या रश्श्यात टाकली की वास जातो. थायरॉइडची गोळी चालू असेल तर सोया चालतं, फक्त गोळी आणि सोया यांत काही तासांचं अंतर ठेवा.

डाळीचा हिशेब वाटीने करू नका, कारण एका घरचं वरण दुसऱ्या घरच्या पाण्यासारखं असतं. कच्ची डाळ मोजा. चौघांसाठी कुकरला १२० ग्रॅम तूरडाळ लावली तर प्रत्येकाच्या वाट्याला ३० ग्रॅम डाळ आणि साडेसहा ग्रॅम प्रोटीन येतं. तीच आमटी रात्रीही पुरवली तर एका वेळेला तीन. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा पहिल्या महिन्यासाठी घ्या, नंतर डोळ्यांना अंदाज येतो. डाळीतलं प्रोटीन ‘अपूर्ण’ असतं म्हणून भिण्याचंही कारण नाही. डाळीत जे अमायनो आम्ल (प्रोटीनचा घटक) कमी असतं ते धान्यात असतं आणि धान्यात कमी असलेलं लायसिन डाळीत भरपूर असतं. दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की झालं.

उपवासाचं काय, असं विचारलंय तुम्ही. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच, त्यामुळे खिचडीचा दिवस म्हणजे तेल आणि पिष्टमय पदार्थांचा दिवस. सोमवार, चतुर्थी, एकादशी आणि वर श्रावण धरला तर महिन्यातले बरेच दिवस असे जातात. उपवास मोडा असं मी म्हणणार नाही. राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी बेताची, दही, पनीर, दूध यांवर तो दिवस काढा. ४५-५० ग्रॅमपर्यंत सहज पोचता येतं.

आता सासूबाईंच्या भीतीकडे वळते, कारण ती भीती निराधार नाही. किडनी निरोगी असेल तर १.२ ते १.६ ग्रॅमने ती बिघडते असा पुरावा नाही. पण किडनी आधीच दुखावलेली असेल तर जास्त प्रोटीनचा भार तिला सोसत नाही, आणि आपल्याकडे मधुमेह-रक्तदाब असलेल्या पुष्कळ लोकांना आपली किडनी दुखावलीय हे माहीतच नसतं. म्हणून प्रोटीन वाढवण्याआधी तुम्ही क्रिएटिनिन, त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनी रक्त किती वेगाने गाळते तो आकडा) आणि लघवीतलं अल्ब्युमिन या तपासण्या करून घ्या. मधुमेह, रक्तदाब, मुतखडा किंवा घरात कुणाला किडनीचा आजार असेल तर हे अगदी सक्तीचं समजा. ईजीएफआर ६० च्या खाली असेल तर माझा वरचा आकडा तुमच्यासाठी नाही, किडनीतज्ज्ञ सांगतील तो खरा. तिथे बहुधा किलोमागे ०.६ ते ०.८ इतकंच देतात. डायलिसिसवर असलेल्यांना उलट जास्त लागतं, तेव्हा घरातल्या एकाचं पथ्य दुसऱ्याला लावू नका. जिममध्ये स्नायूंसाठी घेतात ती क्रिएटिनची पावडर घेत असाल तर तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा, तिच्यामुळे क्रिएटिनिनचा आकडा थोडा वाढलेला दिसू शकतो.

पावडरीबद्दल. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रोटीन पावडरी टाळा असं सांगितलंय, आणि ताटातून भागत असेल तर माझंही मत तेच आहे. पण ज्या बाईला सकाळी सहाची लोकल पकडायची आहे, जी कडधान्यं पचत नाहीत म्हणते, तिला दिवसाला एक चमचा व्हे, म्हणजे दुधातल्या प्रोटीनची पावडर, मी देते. त्या मापाच्या चमच्यात २० ते २५ ग्रॅम प्रोटीन असतं आणि सव्वाशेच्या आत कॅलरी. घेण्याआधी डब्यावर शंभर ग्रॅममागे प्रोटीन किती ते वाचा. सत्तरच्या वर हवं. औषधाच्या दुकानात अशक्तपणासाठी मिळणाऱ्या चॉकलेटी पावडरींत बरेचदा तीस-पस्तीसच असतं आणि बाकी साखर-माल्ट. त्या दुधात घालून पिणं म्हणजे गोड पेय पिणंच झालं. जिममध्ये सुटी, बिनलेबलची पुडी कुणी देत असेल तर घेऊ नका.

व्यायामाशिवाय या सगळ्याचा अर्धाच फायदा होतो, हे मी ठासून सांगते. स्नायूला आपली गरज आहे हे कळतं ते ओझं उचलल्यावर. तुम्ही चालायला जाता ते हृदयासाठी उत्तम, पण नुसत्या चालण्याने दंड आणि पाठीचा स्नायू टिकत नाही. आठवड्यात तीन वेळा वजनं उचला. जिमला खाडा झाला तर घरी खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीवर दंड, पाण्याच्या बाटल्या घेऊन हात वर नेणं. ट्रेनरचा प्रोटीनचा आकडा बाजूला ठेवा, पण त्याने दिलेला वजनांचा व्यायाम सोडू नका, तिथे तो बरोबर आहे. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात शेक प्यायलाच हवा, ही घाई मात्र नको. दिवसभराचा एकूण आकडा जास्त महत्त्वाचा. फक्त ते तीन जेवणांत विभागलेलं असू द्या, प्रत्येकी वीस-पंचवीस ग्रॅम. सगळं रात्रीवर टाकलं तर दुपारी चारला भूक खवळते आणि वडापाव आठवतो. प्रोटीनने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, आणि ते पचवायला शरीर त्यातल्याच २० ते ३० टक्के कॅलरी खर्च करतं. पिष्टमय पदार्थांसाठी हा खर्च पाच-दहा टक्के असतो.

भारतात २०२५ पासून वजन उतरवण्याची आठवड्याची इंजेक्शनं मिळू लागली आहेत, आणि तुमच्या मैत्रिणीने ती सुरू केल्याचं तुम्ही लिहिलंय. तिला माझा निरोप द्या. भूकच लागत नाही म्हणून ती दिवसभर चहा-बिस्किटावर राहत असेल तर तिचा स्नायू तुमच्यापेक्षा वेगाने जाईल. तिने ताटात पहिला घास डाळ, पनीर, दह्याचा घ्यावा आणि पोट भरलं तर पोळी सोडावी.

सुरुवात एकदम सगळं बदलून करू नका. पोट फुगेल, गॅस होतील आणि सासूबाईंना ‘मी सांगत होते’ म्हणायची संधी मिळेल. पहिला पंधरवडा फक्त नाश्ता बदला. मग दुपारी उसळ आणि दही, कडधान्य रात्रभर भिजवून मोड आणून, हिंग-आलं घालून. सोया वडी शेवटी आणि आधी पंधरा ग्रॅमच. पाणी वाढवा, पालेभाजी सोडू नका, नाहीतर बद्धकोष्ठता होते. काटा आठवड्यातून एकदाच बघा, तीनशे-चारशे ग्रॅमने खाली येत असेल तर छान चाललंय. महिन्याच्या शेवटी कमरेचा घेर मोजा. बाईसाठी ८० सेंटिमीटरच्या आत यायचंय. वजन थांबलं पण घेर कमी होतोय आणि खुर्चीवरून उठणं सोपं झालंय, असं दिसलं तर जेवण आणखी कमी करू नका, आहे तेच चालू ठेवा. तपासण्यांचे आकडे हाती आले की मला कळवा. किडनी ठीक असेल तर ८० पक्के धरू, नसेल तर नव्याने मांडू.